राहिलेला दांडा

"पर ह्यो येक दांडा जाळायचा राहिला, तर अण्णाच्या जिवाला वाट गावंल का, आक्का?"

धुरपदाआक्का दगडावर रंध्याचं पातं घासत होती. तिनं वर पाहिलं नाही.

विचारणारी चांदणी होती. वखारीच्या दारात उभी. पायाशी गोणपाटाचं गाठोडं, आणि हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक लहान पटाशी. ती तिनं लोखंडाकडून धरली होती. दांड्याला बोट लागू दिलं नव्हतं.

"कवा गेला तुजा अण्णा?"

"आज धा दिवस झालं."

"आनि तुला कवा कळलं?"

"चौथ्या दिवशी... बाजारात. भाजीवालीनं सांगितलं."

पातं घासायचं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

चांदणी ही दौलू सुताराची लेक. दौलूच्या घरी ती लेक म्हणून जन्मली नव्हती; तिसरा मुलगा झाला म्हणून गावात पेढे वाटले होते. त्या मुलाचं नाव काय होतं ते इथं सांगायचं कारण नाही. अठराव्या वर्षी साडी नेसून ती घराबाहेर पडली, तेव्हा ते नाव तिनं गावच्या नदीतच सोडून दिलं.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. त्यातली सात तिनं एसटी स्टँडवर टाळ्या वाजवून काढली आणि दोन आक्काच्या वखारीत.

ही वखार एकेकाळी जळणाची होती. आता पत्र्याखाली चार लांब बाकं होती, भिंतीवर करवती टांगलेल्या होत्या आणि कोपऱ्यात लाकूड सांधायचा सरस पातळ करायची शेगडी होती. ज्यांना कुठलाच मिस्त्री हाताखाली घेत नाही, त्यांना आक्का सुतारकाम शिकवायची. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी चांदणीसारखी. एक जण मुलगी म्हणून वाढवला गेलेला आणि आता गडी म्हणून जगणारा. आल्या माणसाला आक्का तू कोण, कुठला, बाई का बाप्या, काही विचारत नसे. एकच प्रश्न असायचा.

"कंच्या हातानं काम करतोस?"

चांदणीलाही तिनं तेच विचारलं होतं. चांदणी म्हणाली होती, डाव्या. आणि वर म्हणाली होती, की मला शिकवायची गरज नाही, मी सुताराच्या पोटची आहे, हत्यारं माझ्या अंगाखांद्यावर खेळली आहेत.

"बरं," आक्का म्हणाली होती आणि तिच्या हातात झाडू दिला होता.

हाताला कसब होतं, हे मात्र खोटं नाही. चांदणीचा सांधा असा बसायचा की त्यात केस शिरणार नाही. पण कसबाबरोबर तोराही आला होता. नाकावर माशी बसू द्यायची नाही. हसीनानं चार महिने खपून पहिलं स्टूल केलं, तेव्हा चांदणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्येच्यावर बसायचं, का लांबनंच हात जोडायचं?" सगळे हसले. हसीनाही हसली, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

आज त्या तोऱ्यातलं काहीच शिल्लक नव्हतं.

सकाळी तिचा थोरला भाऊ मोटारसायकलवरून आला होता. फाटकाशी गाडी उभी केली. गाठोडं खाली ठेवलं. "आईनं दिलंय," एवढंच म्हणाला. डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही. ती काही बोलायच्या आत गाडी वळली होती.

गाठोड्यात बापाची हत्यारं होती. म्हणजे नुसती लोखंडं. दांडे नव्हते.

त्या भागातल्या सुतारांची तशी रीतच आहे. घरातला सुतार मेला, की त्याच्या सगळ्या हत्यारांचे दांडे काढतात. ज्या लाकडात त्याचा घाम मुरला ते लाकूड त्याच्याबरोबर सरणावर जातं. घाईत एखादं राहिलंच, तर तेराव्याच्या आत जाळायचं. लोखंड जाळत नाहीत. घरातल्या ज्या लेकराच्या हातात कला असेल त्याला ते मिळतं, आणि त्यानं आपल्या हाताच्या मापानं नवे दांडे करून घालायचे. मेलेल्याचा दांडा जित्या माणसानं मुठीत धरायचा नाही, हत्यार लोखंडाकडून उचलायचं. दांडे काढायचे ते घरच्या सुतारानं. घरात कुणी सुतार उरला नसेल, तर भावकीतल्याला बोलावतात. म्हणतात, की एक जरी दांडा घरात राहिला, तरी गेलेल्याचा हात त्यात अडकून राहतो.

दौलूचा एक मुलगा साखर कारखान्यात होता, दुसरा टेम्पो चालवायचा. दोघांना पटाशी उलटी का सुलटी ते कळत नव्हतं. म्हणून लोखंड चांदणीकडे आलं. आईनं ते भंगारात जाऊ दिलं नाही, एवढं खरं.

लाकूड तासायचा वाकस, तीन पटाश्या, गिरमिट, मोठी करवत. सगळे दांडे निघालेले. आणि तळाशी, धोतराच्या फडक्यात, ही लहान पटाशी. दांड्यासकट.

"चुलत्याला बोलीवलं असंल दांडं काढाया," चांदणी म्हणाली. "उरकायची घाई. येक राहिला तरी त्याला काय त्येचं?"

आक्कानं दगडावर पाणी शिंपडलं.

"मला मसनवाट्यात कुनी बोलीवलं न्हाई, आक्का. त्वांड बगाया मिळालं न्हाई. पानी पाजाया मिळालं न्हाई... ह्यो येक दांडा तरी मी जाळते. तेवडं तरी माज्या हातनं व्हऊ दे. परवा तेरावं हाय. सरसाच्या शेगडीत जाळू का?"

वखारीतली करवत थांबली होती. सगळ्यांचं लक्ष तिकडं होतं आणि सगळे दुसरीकडं बघत होते.

आक्कानं पातं उजेडात धरून धार पाहिली.

"लोखंड उगडं असताना दांडा जाळत न्हाईत," ती म्हणाली. "आदी त्या बाकीच्यास्नी दांडं बसीव. मग बगू."

अशी रीत कुठंच नव्हती. चांदणीनं ती कधी ऐकली नव्हती आणि ऐकणार तरी कशी, आक्कानं ती तिथल्या तिथं जन्माला घातली होती. पण आक्कापुढं कोण बोलणार? आणि मृत्यूच्या रीतीभातीत माणूस वाद घालत नाही. न जाणो, आपल्यालाच ठाऊक नसेल, आणि आपल्या अडाणीपणाचे भोग गेलेल्याला भोगावे लागतील.

चांदणीनं फडक्यातली पटाशी देवळीत ठेवली. आणि वाळलेल्या बाभळीचा तुकडा घेऊन बसली.

अण्णाचा हात तिला तोंडपाठ होता. केवढा रुंद पंजा. करंगळी थोडी वाकडी, तरुणपणी वाकसाखाली सापडलेली. तिनं आठवून आठवून दांडे केले. जाड, लांबट, उजव्या हाताला अंगठ्याशी थोडे चपटे. दिवेलागणीच्या आत चार हत्यारांना दांडे बसले. हुबेहूब अण्णाचे. तिनं ते ओळीनं मांडले आणि तिचे डोळे भरून आले. नऊ वर्षांनी बाप समोर बसल्यासारखं वाटलं तिला.

"चालव," आक्का म्हणाली.

तिनं वाकस उचलून लाकडावर घातला. तास गेला नाही तोवर डाव्या तळहाताला फोड आला. मग दुसरा.

आक्कानं तिचा हात उलटा करून पाहिला. मग चारी दांडे एकेक करून ठोकून काढले आणि ढलप्यांच्या ढिगात टाकले.

"आक्का..."

"ह्ये कुनाचं दांडं?"

"अण्णाचं. त्येच्याच मापाचं केलं."

"त्येचं तर जळालं."

एवढं बोलून ती तोंड धुवायला निघून गेली. चांदणी ढिगाकडं बघत राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग यायलाही अंगात बळ लागतं.

दुसऱ्या दिवशी तिचं काही धड होईना. एक दांडा तासताना चिरला. दुसऱ्याला भोक वाकडं गेलं. तिसरा घेतला तो गाठीशी फाटला. वाळलेली बाभूळ संपली. सुताराच्या पोटची म्हणून मिरवणारी चांदणी भुशात पाय पसरून बसली आणि तिला पुढं काही सुचेना.

हसीना उठली. आपल्या बाकाखालून तिनं बाभळीचा एक ओंडका काढला. दोन पावसाळे तिनं तो सावलीत जपून वाळवला होता, स्वतःच्या हत्यारांसाठी. तिनं तो चांदणीपुढं ठेवला.

"ह्ये तुजं हाय," चांदणी म्हणाली.

"माज्या स्टुलावर बस आनि कर," हसीना म्हणाली. "मोडलं तर लांबनं हात जोड."

चांदणीला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. आता रडली ती थांबेचना. हसीना शेजारी बसून राहिली. मग तिनं, आक्का ऐकत नाही असं बघून, हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांत चांदणीनं ती कधी ऐकली नव्हती, कारण तिनं कधी विचारलीच नव्हती.

आक्काचा नवरा सुतार होता. त्याला खोकल्याचं दुखणं. तीस वर्षं त्याच्या घरातलं निम्मं काम आक्कानं केलं. दार लावून, परसात. चौकटींची भोकं तिची, पाटांचे सांधे तिचे, पाळण्यांच्या दांड्या तिच्या. गिऱ्हाईक आलं की ती भाकरी थापायला आत जायची आणि नवरा हातात पटाशी घेऊन बाहेर बसायचा. गावानं म्हणावं, काय हात आहे या माणसाचा. नवरा वाईट नव्हता. आत येऊन तिला म्हणायचा, तुझ्या हाताचं कौतुक करून गेले बघ.

तो गेला. भावकी आली. त्यांनी सगळे दांडे काढले. निम्मे दांडे आक्काच्या मुठीनं गुळगुळीत झालेले होते. तिच्या बोटांच्या खुणा त्यांवर होत्या. कुणी विचारलं नाही, आणि बाईमाणसानं त्या वेळी बोलायची रीत नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत ते त्याच्या सरणावर गेले.

"म्हंजे आक्का जित्ती असताना..."

"व्हय," हसीना म्हणाली. "तवापासनं ती कुनाचाबी दांडा बगितल्याबिगार जाळू देत न्हाई."

चांदणीनं पदरानं तोंड पुसलं. मग हसीनाचा ओंडका उचलला.

या खेपेला तिनं कुणाला आठवलं नाही. लाकूड डाव्या मुठीत धरून बघायचं, थोडं तासायचं, पुन्हा धरून बघायचं. तिचा पंजा अण्णाएवढा रुंद नव्हता. बोटं लांब होती, आईसारखी. दांडे बारीक झाले, थोडे आखूड. तयार झाले तेव्हा ते कुणासारखेच दिसत नव्हते. वाकस चालवून पाहिला, तर फोडावरसुद्धा दुखलं नाही.

तेराव्याच्या दिवशी दुपारी सहाही हत्यारं तयार होऊन ओळीनं पडली होती. आक्का आली. एकेक उचलून तिनं स्वतःच्या मुठीत धरून पाहिलं, आणि तिला ते बसेनात, म्हणून मान हलवून खाली ठेवलं.

ही तिची पसंती होती.

"आता?" चांदणीनं विचारलं.

"आता तुजी मर्जी."

चांदणीनं शेगडीत निखारे फुलवले. डोक्यावरून पदर घेतला. तिकडं गावात या वेळी पंगत बसली असेल, भाऊ वाढत असतील, आई भिंतीला टेकून बसली असेल. तिला बोलावणं येणार नव्हतं आणि त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या घरात तिचं स्वतःचं तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. ती साडी नेसून निघून गेली, त्या महिन्यात थोरल्या भावानं कणकेचा बाहुला करून नदीवर जाळला. घराला चुना काढला. गोडधोड करून भावकीला जेवू घातलं. आमच्यासाठी मेलं ते पोर, म्हणून सांगितलं. हे तिला स्टँडवरच्या एका पानवाल्यानं हसत हसत सांगितलं होतं.

तरीही तिला वाटायचं, अण्णानं केलं नसेल ते. भावानं केलं असेल. मग तीन वर्षांपूर्वी एकदा स्टँडवर अण्णाच समोर आला. हातात पिशवी, तोंडावर पांढरी दाढी वाढलेली. तिनं त्याला पाहिलं आणि वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. त्यानंही पाहिलं. आणि मान फिरवून एसटीत चढला. त्या दिवसापासून तिचाही विश्वास बसला, की आपण त्या घराला मेलो.

मेलेल्या लेकरानं बापाला वाट करून द्यायची, असं काहीतरी उलटंसुलटं तिच्या नशिबी आलं होतं. तिची त्याला तक्रार नव्हती. बाप सुटावा, एवढंच तिला हवं होतं.

तिनं देवळीतून फडकं आणलं. सोडलं. लोखंडाकडून पटाशी धरून तिनं ती बाकावर टेकवली आणि दांडा ठोकून काढायला लाकडी हातोडी उचलली.

"थांब," आक्का म्हणाली. "आदी हातात धर."

"लोखंडाकडनं धरलीया की."

"तशी न्हवं. दांड्याला धर."

"मेलेल्याचा दांडा धरत न्हाईत, आक्का."

"धर."

आक्का आवाज चढवत नसे. पण तिच्या आवाजात आज असं काही होतं, की चांदणीनं हातोडी खाली ठेवली. डोळे मिटून मनात अण्णाची क्षमा मागितली. आणि दांड्याला मूठ घातली. सवयीनं, डावी.

दांडा लहान होता. तिच्या मुठीत तो हरवूनच गेला. करंगळीला जागाच मिळेना. मात्र अंगठा...

अंगठा एका खळग्यात जाऊन बसला.

दांड्याच्या अंगाला नखभर खोल, गुळगुळीत खळगा होता. तिनं डोळे उघडले. पटाशी उजव्या हातात घेतली. उजव्या अंगठ्याला तिथं काहीच नव्हतं, खळगा भलत्याच बाजूला राहिला. तिनं पुन्हा डाव्या हातात घेतली. अंगठा पुन्हा आपला आपण जागेवर गेला.

अण्णा उजव्या हातानं काम करायचा.

ती अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेत गुरुजी डाव्या हातावर छडी मारायचे, घरी थोरला भाऊ. डाव्या हातानं हत्यार धरणं अशुभ, कामाला यश येत नाही, असं चुलता म्हणायचा. उजव्या मुठीसाठी केलेल्या पटाश्या तिच्या हातात वळायच्या आणि बोट कापायच्या. अण्णा त्यावर कधी काही बोलला नाही. एका संध्याकाळी तो बाभळीचा एक तुकडा घेऊन बसला. तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन त्यानं माप घेतलं, चाकूच्या टोकानं अंगठ्याची जागा खरवडली आणि पटाशी तिच्यापुढं ठेवली.

"हात कंचाबी असू दे," तो म्हणाला होता. "लाकडाला काय कळतंय?"

हे सगळं तिला आठवलं, आणि इतके दिवस कसं आठवलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली. पण दांडा धरल्याशिवाय ते आठवणार नव्हतं. आणि धरायची तर तिलाच भीती वाटत होती.

"ह्यो अण्णाचा न्हाई," ती म्हणाली. "माजा हाय."

हसीनाच्या बाकावरचा आवाज बंद झाला.

चांदणीच्या चेहऱ्यावर आधी आनंदासारखं काही येऊन गेलं. मग ते विझलं, आणि तिथं जुना कडवटपणा आला.

"मग ह्यो तर कवाच जळाया पायजे हुता," ती म्हणाली. "नऊ वरसामागं माजं तेरावं घातलं त्येनी. गोडधोड करून खाल्लं. तवा ह्यो दांडा सरनावर ठेवायचा राहिला व्हय? माजं मरान बी धड केलं न्हाई कुनी... पडला आसंल कुटंतरी पेटीच्या तळाला."

"हलवून बग," आक्का म्हणाली.

"काय?"

"दांडा. हलवून बग."

चांदणीनं एका हातात लोखंड धरलं आणि दुसऱ्या हातानं दांडा हलवला. हलेना. जोर लावून पिळला. तसूभरही फिरला नाही.

"बाभळीचा दांडा वरीसभर तसाच पडला, तर काय व्हतं?"

याचं उत्तर वखारीत नव्यानं आलेल्या माणसालाही येतं. चांदणीनं विचार न करता ते दिलं.

"सुकतो. ढिला पडतो. मग तडकतो."

"आनि नऊ वरसं पडला तर?"

चांदणीनं दांड्यावरून बोट फिरवलं. कुठंही तडा नव्हता.

तिनं पटाशी नाकाशी नेली. जवसाच्या तेलाचा वास आला. जुनाट, खवट नव्हे. ताजा.

अमावास्येला सुतार हत्यार चालवत नाही. अण्णाही चालवायचा नाही. त्या दिवशी तो सगळी हत्यारं ओसरीवर पोत्यावर मांडून बसायचा आणि फडक्यानं एकेका दांड्याला जवसाचं तेल पाजायचा. नऊ वर्षांच्या अमावास्या किती होतात, त्याचा हिशेब चांदणीला तेव्हा करता आला नाही. फडकं मात्र तिच्या समोरच पडलं होतं. धोतराचं. तेलानं पिवळं, कडक झालेलं. तीन दिवस पटाशी त्याच फडक्यात होती आणि तिनं त्याच्याकडं नीट पाहिलंही नव्हतं.

तिनं ते उचललं आणि छातीशी धरलं.

शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख चढू लागली होती. बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"मेलेल्या मानसाचं दांडं कुनी काडायचं असत्यात?" आक्कानं विचारलं.

"घरच्या सुतारानं."

"तुजं तेरावं घातलं, तवा घरचा सुतार कोन हुता?"

चांदणी खाली बसली. भुशातच बसली. पदर डोक्यावरून खाली आला, तो तिनं सावरला नाही. फडकं मांडीवर पडलं. "अण्णा," ती म्हणाली.

आक्का तिच्याजवळ आली. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश, तिच्या समोर बसली. बाकावरची लाकडी हातोडी तिनं काढून घेतली आणि चांदणीच्या रिकाम्या, उजव्या हातात ठेवली. डाव्या हातात पटाशी होतीच. अंगठा अजून खळग्यातच होता.

"ह्यो दांडा काडाया तुज्या अण्णाला नऊ वरसं जमलं न्हाई," आक्का म्हणाली. "तुला जमतंय का बग."